जुन्या हार्वेस्टरचे मोल : रंगावर नव्हे, उरलेल्या आयुष्यावर

सप्टेंबर संपत आला की मराठवाडा आणि विदर्भातील सोयाबीन पिवळे पडू लागते. त्याच सुमारास पंजाबची नोंदणी असलेली अवाढव्य कम्बाइन हार्वेस्टर यंत्रे लातूर, नांदेड, अमरावतीच्या रस्त्यांवर दिसू लागतात. शहरातून गावी निघालेल्या मोटारचालकाला ती वाटेतील अडथळा वाटतात. शेतकऱ्याला मात्र परतीच्या पावसाने गाठण्याआधी पीक घरात आणण्याची ती मोठी आशा असते. मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी सगळ्यांना ते एकाच आठवड्यात हवे असतात. त्यामुळे ‘आपलेच एक यंत्र का असू नये?’ हा विचार अनेक गावांतील तरुण करू लागले आहेत. नवे यंत्र परवडत नाही, म्हणून दहा-बारा वर्षे चाललेल्या यंत्राचा शोध सुरू होतो. मग शहरात नोकरी करणाऱ्या भावाला किंवा काकाला फोन येतो, पैसे उभे करण्यासाठी किंवा कर्जाला जामीन राहण्यासाठी.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो, ‘सांगितलेली किंमत योग्य आहे का?’ जुन्या मोटारीचा भाव वर्ष आणि किलोमीटर पाहून अंदाजता येतो. हार्वेस्टरच्या बाबतीत हे ठोकताळे अपुरे पडतात. यंत्र किती वर्षांचे आहे यापेक्षा ते किती राबले, कोणत्या पिकात राबले आणि पुढचा हंगाम न थांबता काढील का, या तीन गोष्टींवर त्याचे खरे मोल ठरते.

एका यंत्रात तीन कामे

कापणी, मळणी आणि उफणणी ही तीन कामे एकत्र करणारे यंत्र म्हणून त्याला ‘कम्बाइन’ हे नाव पडले. या कल्पनेचे पेटंट अमेरिकेतील मिशिगन राज्यात हिराम मूर यांनी १८३६ मध्ये मिळविले, तेव्हाचे यंत्र घोडे ओढत असत. भारतात स्वयंचलित हार्वेस्टरचे देशी उत्पादन ‘पंजाब ट्रॅक्टर्स’ या कंपनीने १९८० मध्ये ‘स्वराज ८१००’ या नावाने बाजारात आणले. पुढे पतियाळा जिल्ह्यातील नाभा, भादसों आणि आसपासच्या गावांत हा उद्योग फोफावला. महाराष्ट्रात जुनी म्हणून विकली जाणारी बरीच यंत्रे मूळची त्याच भागातील असतात.

यंत्राची रचना थोडक्यात समजून घेतली, तर तपासणी सोपी जाते. पुढच्या बाजूला पात्यांची पट्टी म्हणजे कटर बार असतो. देशी बनावटीच्या चाकांच्या यंत्रात तो सामान्यतः १४ फूट रुंद असतो. त्यावर फिरणारी रील पीक आत लोटते. कापलेले पीक साखळ्यांच्या वाहकावरून मळणीच्या ड्रमकडे जाते. ड्रम आणि त्याखालची अर्धगोल लोखंडी जाळी यांच्यामधून पीक घासत गेले की दाणा सुटतो. उरलेले काड मागच्या हलत्या पट्ट्यांवर, म्हणजे वॉकरवर झटकले जाते. दाणे चाळणीवर पडतात, पंखा भुसा उडवितो आणि स्वच्छ धान्य एलिव्हेटरमधून टाकीत चढते. या साखळीतील एक दुवा जरी निखळला तरी सगळे यंत्र शेतात उभे राहते.

वय, तास आणि पीक

हार्वेस्टरचे काम वर्षातील मोजक्याच दिवसांत होते. गावातल्या गावात चालणारे यंत्र वर्षाला महिना-दीड महिना राबते. भाड्याने फिरणारे यंत्र मात्र गहू, हरभरा, सोयाबीन, भात असा हंगामांचा पाठलाग करीत राज्याराज्यांतून फिरते आणि त्याचे कामाचे तास कितीतरी जास्त भरतात. म्हणूनच १२ वर्षांचे ‘घरगुती’ यंत्र ६ वर्षांच्या ‘फिरत्या’ यंत्रापेक्षा अधिक मोलाचे असू शकते.

तास मोजणारे मीटर बंद असणे किंवा बदललेले असणे, ही जुन्या यंत्रांत नवलाची गोष्ट नाही. तेव्हा मीटरची साक्ष इतर खुणांशी ताडून पाहावी. क्लच आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले आहे का, चढण्याच्या पायऱ्या झिजल्या आहेत का, सुकाणूचा रंग गेला आहे का, हे पाहावे. मीटर ८०० तास सांगत असेल आणि पायपट्टीचे लोखंड चकाकत असेल, तर पायपट्टीवर विश्वास ठेवावा.

पिकाचा इतिहासही विचारावा. भाताच्या काडात सिलिकाचे प्रमाण जास्त असते आणि ते धातूला कानसेसारखे घासते. शिवाय भाताच्या ओल्या शेतात चिखल बेअरिंगमध्ये शिरतो. सोयाबीनमध्ये शेंगा जमिनीलगत असल्यामुळे कटर बार अगदी खाली चालवावा लागतो आणि माती, ढेकळे, दगड आत जाण्याचा धोका वाढतो. गव्हात चाललेले यंत्र तुलनेने कमी झिजते. ड्रमचा प्रकारही पाहणे आवश्यक आहे. गहू-सोयाबीनसाठी घासपट्ट्यांचा आणि भातासाठी दात्यांचा ड्रम वापरण्याची पद्धत आहे. सोयाबीनसाठी घेतलेल्या यंत्रात भाताचाच ड्रम असेल, तर बदलाचा खर्च किमतीतून वजा धरावा.

दुरुस्तीचा खर्च वयाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेतील कृषी व जैविक अभियंत्यांच्या संघटनेचे मानक स्वयंचलित कम्बाइनचे आयुष्य ३,००० तासांचे धरते आणि त्या काळातील एकूण दुरुस्ती नव्या किमतीच्या ४० टक्के मानते. त्याच मानकातील सूत्राने हिशेब केला, तर पहिल्या हजार तासांत साधारण ४ टक्के, दुसऱ्या हजारात १३ टक्के आणि तिसऱ्या हजारात तब्बल २३ टक्के खर्च येतो. आपल्याकडील मजुरी, सुटे भाग आणि वापराच्या पद्धती निराळ्या असल्याने हे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही त्यातील इशारा महत्त्वाचा आहे. पहिला मालक यंत्र विकतो ते बहुधा खर्चाची चढण सुरू होते तेव्हाच, आणि ती चढण चढायची असते दुसऱ्या मालकाला.

तपासणी कोठून सुरू करावी?

इंजिन : यंत्र पाहायला जाण्याआधी ते सुरू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला सांगावे. थंड इंजिन कसे सुरू होते, यावर बरेच काही कळते. सुरू होताच थोडा धूर येणे स्वाभाविक आहे. निळसर धूर टिकून राहिला, तर इंजिन ऑइल जाळत आहे असे समजावे. ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर वाफेचे जोरदार झोत येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असण्याचा संभव असतो. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग किंवा ऑइलमध्ये दुधाळपणा दिसला, तर सौदा तेथेच थांबविणे श्रेयस्कर.

ड्रम आणि जाळी : झाकणे उघडून विजेरीच्या प्रकाशात ड्रमच्या पट्ट्या पाहाव्यात. त्यांवरील तिरप्या खाचा स्पष्ट असतील, तर बरेच आयुष्य बाकी आहे. त्या सपाट झाल्या असतील, तर मळणी अपुरी होते आणि चालक ती उणीव ड्रमचा वेग वाढवून भरून काढतो. परिणामी सोयाबीनची डाळ होते. जाळीच्या सळ्या वाकलेल्या असतील, तर दगड आत गेला होता, हे उघड आहे.

पत्रा आणि स्क्रू : धान्य वाहून नेणाऱ्या स्क्रूच्या कडेवरून बोट काळजीपूर्वक फिरवावे. कड पात्यासारखी धारदार लागली, तर स्क्रू झिजला आहे. टाकी रिकामी करणाऱ्या नळीच्या वळणावर आणि एलिव्हेटरच्या तळाशी बोटांनी टकटक करावी. जाड पत्र्याचा आवाज भरीव येतो, कागदासारख्या झालेल्या पत्र्याचा पोकळ. या भागांवरून लाखो किलो धान्य गेलेले असते, त्यामुळे त्यांची साक्ष मीटरपेक्षा खरी असते.

बेअरिंग, पट्टे आणि साखळ्या : यंत्र रिकामे, पूर्ण वेगाने १५ ते २० मिनिटे चालवावे. मग इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि सगळे फिरते भाग थांबल्यावरच प्रत्येक बेअरिंगच्या घरावर हाताची पाठ जवळ नेऊन पाहावी. इतरांपेक्षा जास्त तापलेले बेअरिंग हंगामात दगा देणार, हे निश्चित. साखळीच्या चक्राचे दाते आकड्यासारखे वाकले असतील, तर नुसती नवी साखळी टाकून भागत नाही, चक्रेही बदलावी लागतात.

सांगाडा : कटर बार जोडण्याची जागा, मागचा ॲक्सल आणि वॉकरचे आधार येथे वेल्डिंगचे ठिगळ शोधावेत. जुन्या यंत्रात वेल्डिंग असणे हा दोष नव्हे, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा केलेले वेल्डिंग सांगाडा थकल्याचे सांगते. रंगाला फोड, वितळलेली वायर किंवा एकाच बाजूला नवा रंग दिसला, तर आगीची शंका घ्यावी. कोरडा भुसा, गरम इंजिन आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी यांमुळे हार्वेस्टरला आग लागण्याचे प्रकार घडतात.

हायड्रॉलिक आणि टायर : कटर बार पूर्ण वर उचलून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे दुरून पाहावे. तो हळूहळू खाली येत असेल, तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह निकामी होत आहेत. उचललेल्या कटर बारखाली आधार दिल्याशिवाय कोणी जाऊ नये. पुढच्या मोठ्या टायरांच्या बाजूंना भेगा असतील, तर नक्षी शाबूत दिसूनही उपयोग नाही. यंत्र उन्हात वर्षानुवर्षे उभे होते, एवढाच त्याचा अर्थ.

शेतातील खरी परीक्षा

उभ्या यंत्राची तपासणी ही अर्धीच परीक्षा होय. शक्य असल्यास यंत्र पिकात चालताना पाहावे. त्यासाठी हंगामाचा शेवटचा आठवडा उत्तम. यंत्र राबून थकलेले असते, त्याचे दोष उघडे पडलेले असतात आणि विक्रेत्याला ते पुढच्या हंगामापर्यंत सांभाळण्याची इच्छा नसते. हंगामाच्या तोंडावर नेमके उलटे असते. रंग नवा असतो, ग्राहक घाईत असतो आणि भाव चढा असतो.

धान्य किती सांडते, हे मोजण्याची रीत साधी आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी काठ्यांची चौकट करावी. प्रथम न कापलेल्या पिकात ती ठेवून आपोआप गळलेले दाणे मोजावेत. मग यंत्र गेल्यानंतर त्याच्या मागे, वेगवेगळ्या चार-पाच जागी चौकट ठेवून मोजावे. दोहोंतील फरक म्हणजे यंत्राने वाया घालविलेले धान्य. सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले, तर दर चौरस मीटरला ४० दाणे सांडणे म्हणजे एकरी सुमारे १९ किलोंची नासाडी. ४०० एकर काढणाऱ्या यंत्रात हा आकडा ७५ क्विंटलच्या घरात जातो. ती नासाडी शेतकऱ्याच्या खिशातून जाते आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या यंत्राला बोलावतो. सांडण्याचे कारण नुसती चुकीची जुळणी असेल, तर ते पान्याने दुरुस्त होते. वॉकर आणि चाळण्या झिजल्या असतील, तर पैसे मोजावे लागतात. हा भेद ओळखण्यासाठी अनुभवी चालक किंवा फिटर बरोबर नेणे अगत्याचे आहे. त्याला द्यावे लागणारे मानधन हा सौद्यातील सर्वांत किफायतशीर खर्च ठरतो.

कागदपत्रांचे मोल

परराज्यातील यंत्र घेताना लोखंडाइतकेच लक्ष कागदांकडे द्यावे. नोंदणी पुस्तकातील इंजिन आणि चॅसी क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी स्वतः जुळवून पाहावेत. इंजिन बदललेले असेल, तर त्याची नोंद पुस्तकात झाली आहे का, हे विचारावे. मोटार वाहन कायद्यानुसार वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर तेथे नव्याने नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र विक्रेत्याने मिळवून द्यावे आणि ते हाती येईपर्यंत रकमेचा काही भाग राखून ठेवावा. बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा पुस्तकावर असेल, तर कर्ज फिटल्याचे पत्र घेऊन तो उतरवून घेतल्याशिवाय व्यवहार पूर्ण समजू नये. यंत्र सरकारी अनुदानातून घेतलेले असल्यास ठरावीक मुदतीपूर्वी विक्री न करण्याची अट त्यावर असू शकते, तीही तपासावी.

पंजाबातील यंत्रांच्या बाबतीत आणखी एक बाब आहे. काड जाळण्याने होणारे प्रदूषण रोखण्यासाठी त्या राज्याने २०१८ मध्ये भाताची कापणी करणाऱ्या हार्वेस्टरना काड बारीक करून पसरविणारी ‘सुपर एसएमएस’ ही जोडणी बंधनकारक केली. जोडणी नसलेले जुने यंत्र तेथे भातात चालविणे अडचणीचे झाले. असे यंत्र स्वस्तात देऊ केले जात असेल, तर स्वस्ताईचे कारण यंत्रातील दोषच असेल असे नाही. मात्र हे कारण आहे म्हणून तपासणी टाळणेही योग्य नाही. उलट, जोडणी असलेल्या यंत्राच्या इंजिनावर जादा भार पडलेला असतो, हेही ध्यानात घ्यावे.

किमतीचे गणित

किंमत ठरविताना तीन बाजूंनी विचार करावा आणि तिन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत.

पहिली बाजू नव्या यंत्राच्या किमतीची. जुन्या यंत्राची कमाल मर्यादा नव्याच्या दरावरून ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून कापणी व मळणी यंत्रांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर वगळून २५ लाख रुपयांचे यंत्र धरले, तर करातच पावणेदोन लाखांचा फरक पडतो. त्यापूर्वीच्या सौद्यांचे दाखले देऊन कोणी भाव सांगत असेल, तर ही घट त्याच्या नजरेस आणून द्यावी.

दुसरी बाजू बाजारभावाची. त्याच बनावटीची, त्याच वर्षाच्या आसपासची चार-पाच यंत्रे कितीला ‘सांगितली’ गेली यापेक्षा कितीला ‘गेली’, हे शोधावे. मग तपासणीत निघालेल्या प्रत्येक दुरुस्तीचा अंदाज गॅरेजमधून लेखी घेऊन तो त्यातून वजा करावा.

तिसरी बाजू कमाईची, आणि खरेदीदाराच्या दृष्टीने तीच निर्णायक. समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. १४ फूट म्हणजे सुमारे ४.२ मीटर रुंदीचे यंत्र ताशी ३ किलोमीटर वेगाने चालले आणि वळणे, टाकी रिकामी करणे यांत ३० टक्के वेळ गेला, तर तासाला साधारण सव्वादोन एकर काढणी होते. रोज सहा तास आणि वर्षाला ३५ दिवस धरले, तर सुमारे ४५० एकर. डिझेल, चालक, मदतनीस, दलाली वजा जाता एकरी ७०० रुपये उरतात असे मानले, तर वर्षाला ३ लाख १५ हजार. त्यातून दुरुस्तीसाठी ८० हजार बाजूला काढले, की हाती २ लाख ३५ हजार राहतात.

आता १२ टक्के व्याजदराने हिशेब केला आणि शेवटी यंत्र दीड लाखाला विकले जाईल असे धरले, तर पाच वर्षे चालणाऱ्या यंत्राचे आजचे मोल ९ लाख ३० हजारांच्या आसपास येते. तेच यंत्र तीन वर्षेच चालणार असेल, तर मोल ६ लाख ७० हजारांवर घसरते. वर्ष तेच, बनावट तीच, रंगही तोच. फरक अडीच लाखांहून अधिक, आणि तो सगळा झिजलेल्या पट्ट्यांत, पातळ पत्र्यात आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये लपलेला असतो. आलेल्या आकड्यातून तातडीच्या दुरुस्तीचा आणि यंत्र गावापर्यंत आणण्याचा खर्च वजा केला, की जास्तीत जास्त किती मोजावे ते कळते. येथील रक्कम उदाहरणादाखल आहे. प्रत्येकाने आपल्या भागातील एकरी दर, आपले व्याज आणि आपल्याकडील कामाचे दिवस घालून हे गणित पुन्हा मांडावे.

या गणितात सर्वांत नाजूक आकडा आहे तो ३५ दिवसांचा. दहा दिवस यंत्र बंद पडले, तर वरील हिशेबाने ९० हजारांहून अधिक मिळकत जाते, चालकाचा पगार मात्र चालूच राहतो. सोयाबीन वाट पाहत नाही, शेंगा तडकतात आणि पाऊस येतो. म्हणूनच सुटे भाग जवळच्या शहरात मिळतात का आणि ते यंत्र खोलून जोडणारा कारागीर तालुक्यात आहे का, यालाही किंमत असते. दुर्मीळ बनावटीचे यंत्र लाखभर स्वस्त मिळाले, तरी एका भागासाठी आठवडाभर थांबावे लागल्यास ती बचत एका हंगामात संपते.

जामीन राहणाऱ्याने काय विचारावे?

शहरातील नातेवाइकाला यंत्राचे ज्ञान नसले तरी काही प्रश्न तो नक्कीच विचारू शकतो. यंत्र चालताना पाहिले का? फिटर बरोबर होता का? दुरुस्तीची यादी लेखी आहे का? ना हरकत प्रमाणपत्र कोठवर आले? गावात आणि शेजारच्या गावांत मिळून किती एकरांचे काम नक्की आहे? आणि एक हंगाम पावसाने बुडाला, तर त्या वर्षीचा हप्ता कोठून भरणार?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर जुने यंत्र हा वाईट सौदा नव्हे. नीट पारखून घेतलेल्या यंत्राने एखाद्या घराला उभे केले, असे घडते. मात्र उत्तरादाखल नव्या रंगाचे आणि गुळगुळीत पत्र्याचे छायाचित्र दाखविले जात असेल, तर एक हंगाम थांबण्याचा सल्ला द्यावा. त्या एका हंगामाचे भाडे भरणे परवडते. चुकीच्या यंत्राचे पाच वर्षांचे हप्ते भरणे परवडत नाही.